फेब्रुवारीतला आमरस

२००६ सालचा फेब्रुवारी. नॉटिंगहॅमच्या एका भाड्याच्या घरात जिन्यावर पंधरा माणसं हात जोडून उभी होती. बाहेर बर्फ, आणि वरच्या कपाटातून घमघमाट सुटलेला हापूस आंब्याचा! त्या कपाटात गरम पाण्याची टाकी होती. घरातली सगळ्यात उबदार जागा म्हणून ऋजुताने वरच्या फळीवर देव मांडले होते, आणि मधल्या फळीवर ती इडलीचं पीठ आंबायला ठेवायची.

"देवी, बोल!" पूजेसाठी बर्मिंगहॅमहून आलेले शशिधरबाबा पुन्हा गरजले.

धाड! आत तिसरा स्फोट झाला आणि दाराखालून पिवळा ओघळ आला. बायकांनी गालात मारून घेतलं.

"पाहिलंत? माणसाला व्हिसा लागतो, देवीला नाही!" बाबा म्हणाले.

ऋजुताचा नवरा अनुप मात्र मनातून टरकला होता. सगळ्यात खालच्या फळीवर, टॉवेलांमागे, त्याने घरी केलेल्या बिअरच्या बाटल्या लपवल्या होत्या. पहिली खेप झकास जमली, म्हणून या वेळी पठ्ठ्याने बाटल्या भरताना डब्यातला गोड आमरस ओतला, झाकणं गच्च बसवली आणि थेट देवांच्या पायाशी ठेवल्या. मागच्या वेळी एकही फुटली नव्हती. म्हणजे देवीच फोडतेय! एवढा शिकलेला माणूस, पण मनात पाप असल्यावर त्याची अक्कल पार गोठली होती.

"यजमान, कारण तुम्हाला ठाऊक आहे," बाबांनी त्याच्यावर डोळे रोखले. "खालच्या अंधारात दडलंय ते." अनुप नजर चोरून मागे सरकला. यांना कसं कळलं?

ऋजुताला सातवा महिना होता आणि ब्लड प्रेशर वाढलेलं.

"कोप गर्भावर आहे," बाबा म्हणाले. "नऊ दिवस गोळ्या बंद. फक्त हे तीर्थ. देवीच्या कारभारात हॉस्पिटलची लुडबुड नको!" त्यांनी ओघळाखाली धरलेली वाटी तिच्या हातात दिली.

"अनुप, घेऊ ना रे? बाळाला काही होणार नाही ना?" तिने वाटी उचलली. वाटी ओठांना लागली.

"थांब!" अनुप किंचाळला. "ती बिअर आहे!"

शेजारच्या डॉक्टर वीणाताई गर्दीतून वर आल्या. त्यांनी वाटी हुंगली, उजेडात धरली. तळाशी काचेची कपची चमकली.

"सगळे आधी खाली उतरा. कपाट कोणी उघडू नका. अनुप, हीटिंग बंद कर." मग त्या ऋजुताकडे वळल्या. "इडलीच्या पिठाच्या डब्याला तू घट्ट झाकण लावतेस का?"

"छे! फसफसून उडेल की."

"तेच इथे झालंय. बिअरमधलं यीस्ट जिवंत असतं. त्याला आमरसातली साखर मिळाली, वर ही ऊब. साखर खाऊन ते गॅस सोडतं. झाकण बंद, मग गॅस जाणार कुठे? फळ घातलं की ते पुरतं आंबेपर्यंत थांबायचं, मगच बाटल्या भरायच्या."

"पण बाबांना कसं कळलं?" अनुपने विचारलं.

"अर्धा तास एकटेच कपाट शुद्ध करत होते ना? तेव्हाच बाटल्या दिसल्या. आणि देवीला थंडी वाजते म्हणून हीटिंग कोणी वाढवायला लावलं? बारा वेळा हाक मारली, देवी बोलली तीनदा. उरलेल्या नऊ हाका कोणी मोजल्या?"

कोणीच मोजल्या नव्हत्या. बाबा आपले बूट शोधू लागले.

"देवांखाली बिअर ठेवलीस, त्याचं मी नंतर बघते," ऋजुता म्हणाली. मग पोटावर हात ठेवून ती रडू लागली. अनुपने गोळी आणि पाणी आणून दिलं.

भीती कोणालाही वाटते, त्यात लाज नाही. पण हात जोडण्याआधी काय सांडलंय ते हुंगून बघा, आणि औषध बंद करा म्हणणाऱ्याला दार दाखवा. त्या दिवशी कपाटात बिअर आहे हे बाबांखेरीज एकट्या अनुपला माहीत होतं, आणि तोच सगळ्यात जास्त घाबरला होता. तो अजून एक क्षण गप्प बसला असता, तर ती काच ऋजुताच्या पोटात गेली असती.