कपाटातली कुंभारीण

बाई निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी वसाहतीतली पोरं त्यांना बाईच म्हणायची आणि शाळा सुटली की टाकीमागच्या त्यांच्या कोपऱ्यात जमायची. कोपरा तो काय! कुजका ओंडका, कमरेएवढं गवत, रानफुलं आणि चिखलाने भरलेली एक फुटकी बशी.

"इथं हळू बोलायचं," बाई सांगत, "आपण पाहुणे आहोत."

वसाहतीच्या सेक्रेटरींना तिथं नुसतं रान माजलेलं दिसे. बागेत जीवजंतू जपणाऱ्या वसाहतींची स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा त्यांनी फाटकाशी तयार 'कीटक निवास' आणून ठोकला. हिरवा रंग, बांबूच्या नळ्यांच्या चाळीस खोल्या आणि खाली पाटी: 'वसाहतीच्या हद्दीत कीटकांच्या घराला कोणीही हात लावू नये. हुकमावरून.' मग निवासाभोवती किडे नकोत म्हणून औषध फवारून घेतलं. महिना उलटला तरी खोल्या रिकाम्याच.

"तुमचे नियम वाचून पळाले असतील," माळी म्हणाला.

शनिवारी कमिटीने ठराव केला: रविवारी परीक्षक यायच्या आत टाकीमागचं रान कापायचं आणि वर फरशी घालायची. बाई एकट्या नको म्हणाल्या. एकटीचं कोण ऐकतो?

माळी मात्र अडून बसला. "ठरावाच्या वहीत सही-शिक्का दाखवा, तरच विळा चालवीन. मागं तोंडी सांगितलंत, मी अध्यक्षांचा वेल कापला, आणि शिव्या कुणी खाल्ल्या?"

वही आणि शिक्का कार्यालयाच्या कपाटात. रविवारी सकाळी सेक्रेटरींनी किल्ली लावली, तर ती आत जाईना. बाई शेवटचं सांगून बघावं म्हणून पोरांना घेऊन आल्या होत्या. त्यांनी चष्मा सावरून कुलपात डोकावलं.

"कुंभारीण माशी आहे. भोकात अंडी घालून तोंड लिंपून घेतलंय. चिखल माझ्याच बशीतला दिसतो."

"खिळा आणा रे कुणीतरी!" सेक्रेटरी ओरडले.

"आजोबा, हात लावायचा नाही," त्यांची नात म्हणाली. "हुकमावरून."

"अगं, ती पाटी फाटकावरच्या घरासाठी आहे!"

"पण 'वसाहतीच्या हद्दीत' असं लिहिलंय. तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतलंत की!"

पोरं फिदीफिदी हसली. तेवढ्यात मागून आवाज आला, "काय सापडलं?" परीक्षकबाई दारात उभ्या. फाटकावरच्या चाळीस खोल्या त्या बघून आल्या होत्या. एकीतही चिटपाखरू नव्हतं. त्यांनी वाकून कुलूप पाहिलं आणि विचारलं, "हिने चिखल कुठून आणला?"

सेक्रेटरींनी तोंड उघडायच्या आत पोरांनी परीक्षकबाईंना टाकीमागे ओढत नेलंसुद्धा.

तासाभराने परत आल्या तेव्हा त्यांच्या साडीला कुसळं चिकटली होती. "कोपरा झकास आहे," त्या म्हणाल्या. "आणि कपाट पिल्लं बाहेर पडेपर्यंत उघडू नका हं."

"छे छे, आमचं धोरणच आहे तसं!" सेक्रेटरी कपाटाला टेकून म्हणाले. आणि नातीला हळूच, "फोटो काढ."

माळी विळा खुंटीला लावून चहाला गेला.

त्या संध्याकाळी बाईंनी फुटक्या बशीत रोजच्यापेक्षा जरा जास्तच पाणी ओतलं. पिल्लं काय, आज ना उद्या उडून जातील. कुंभारणीला पुन्हा कुलूप लिंपायला चिखल कमी पडायला नको.