गाद्यांचं छप्पर

मेबल क्रीक हे गाव किती झपाट्यानं वाढत होतं, हे खरं सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, म्हणून थोडं हातचं राखूनच सांगायला हवं. सकाळी माणूस कामावर निघायचा तेव्हा घराशेजारी मक्याचं शेत असायचं आणि संध्याकाळी परतायचा तेव्हा तिथे तीन सिग्नल, एक दंतवैद्य आणि नुकतीच सुटलेली शाळा असायची. एक पोस्टमन नवा रस्ता शोधायला गेला, तो परत येईपर्यंत त्याच्या जुन्या वाटेवर इतकी घरं झाली होती, की तिथल्या बायकांनी त्याला परका समजून हटकलं. डॅलसच्या उत्तरेला तेव्हा असंच चाललं होतं.

या गावात नेल्डा पिकेट एकतीस वर्षं विमा विकत होती. घराचा, गाडीचा, दुकानाचा. गिऱ्हाईक सही करून उठलं, की ती एकच वाक्य म्हणायची, "जा, निवांत झोप, मी आहे." लोक खरोखर जाऊन झोपत. झोपत नसे ती नेल्डा. तिचा उजवा गुडघा सदा हलता. आणि गारा यायच्या असल्या, की तो असा काही थडथडायचा, की शेजारच्या न्हाव्याला वस्तरा खाली ठेवावा लागे.

मे महिन्यातल्या त्या गुरुवारी सकाळी गुडघ्यानं कहर केला होता.

कारण होतं वुथी प्राक. हा साठीचा कंबोडियन माणूस डोनट तळायचा. त्याच्या आधीच्या दुकानावर दोनदा गारा पडल्या, दोन्ही वेळा छप्पर गेलं, आणि जुन्या विमा कंपनीनं कळवलं की आता आमच्याकडून तुम्हाला रामराम. वुथीनं नव्या रस्त्यावर, नव्या इमारतीत दुकान थाटलं आणि सगळं नेल्डाच्या पदरात टाकलं. घराचं काम झालं, मालवाहू गाडीचं झालं. दुकान तेवढं अडलं. का, तर कंपनीला दुकानासमोरच्या आगीच्या बंबाच्या नळाचा फोटो हवा होता, आणि त्या नळाला काळी पिशवी बांधलेली. मेबल क्रीकमध्ये रस्ते आधी होत आणि पाणी मागून येई. पाणी येईपर्यंत नगरपालिका नळाच्या डोक्यावर काळी पिशवी घालून ठेवी आणि पिशवीतला नळ कंपनीच्या लेखी नळच नव्हे. तीन आठवडे नेल्डा रोज गाडीनं जाऊन पिशवी आहे का बघून येई. लोकांना वाटलं, बाईचं कुणी तिकडे गेलंय आणि ती फुलं वाहायला जाते.

बुधवारी संध्याकाळी पिशवी निघाली. नेल्डानं फोटो काढला, दुकानात डोकावून वुथीला म्हणाली, सकाळी गेल्या गेल्या कागद पाठवते, निवांत झोप. वुथीचा जुना विमा त्याच रात्री बारा वाजून एका मिनिटानं संपत होता. हे तिला ठाऊक होतं. पण फोटो फोनमध्ये होता, पाय दुखत होते, आणि सकाळ काही फार लांब नव्हती.

सकाळी तिनं आधी कॉफी केली. मग एका बाईची गाडी कुणी ठोकली होती तिचा फोन आला, मग आणखी दोन आले. दहा वाजून बारा मिनिटांनी ती वुथीचा कागद उघडून बसली, तेव्हा पडद्यावर लाल पट्टी होती. हवामान खात्यानं नकाशावर वादळाची चौकट आखली होती, आणि चौकट आखली की तिच्या आत येणाऱ्या गावांत कुठलाही नवा विमा पक्का करायचा नाही, असा सगळ्याच कंपन्यांचा नियम. चौकट उठेपर्यंत बटण बंद. मेबल क्रीक चौकटीच्या बरोबर मधोमध होतं.

नेल्डानं बटण तरीही चारदा दाबलं.

समोरच्या टेबलावर रोवेना होती, वीस वर्षं तिच्याबरोबर काम केलेली, गावातली सगळ्यात धार्मिक बाई. तिनं चष्म्यावरून बघितलं आणि अगदी हळू सांगितलं, की कालच तोंडी हमी दिली होती असं लिहिलं की विमा कालपासूनच लागू धरतात, तशी जागाच आहे कागदावर.

"दिली नव्हती," नेल्डा म्हणाली.

"निवांत झोप म्हणालीस ना?"

"ते मी सगळ्यांना म्हणते."

"मग सगळ्यांनाच हमी दिलीस. माझं काय जातंय, मी फक्त वेळ विचारतेय. सहा लिहू?"

नेल्डाचा गुडघा टेबलाला आपटत होता. लिहिलं असतं तर कुणाला कळणारही नव्हतं. पण काल ती "केलं" म्हणाली नव्हती, "सकाळी करते" म्हणाली होती, आणि या एका शब्दातल्या अंतरावर ती एकतीस वर्षं लोकांचे दावे मंजूर आणि नामंजूर होताना बघत आली होती. तिनं किल्ल्या उचलल्या. रोवेना मागून म्हणाली की निदान फोनवर सांग, तोंडावर सांगायला कशाला जातेस. नेल्डा तोवर गाडीत होती.

वुथी पीठ मळत होता. तो तिला बोंग म्हणे, म्हणजे त्यांच्याकडे थोरली बहीण, जरी नेल्डा त्याच्याहून तीन वर्षांनी लहान होती. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कॉफीसुद्धा वगळली नाही.

वुथीनं पीठ उलटवलं. "म्हणजे आज मी उघड्यावर आहे."

"हो. माझ्यामुळे."

"तू म्हणालीस झोप," तो म्हणाला. "मी झोपलो, बोंग. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच."

शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं नेल्डाला झालं. तिसऱ्यांदा छप्पर गेलं तर चौथ्यांदा उभं राहायचं त्याचं वय नव्हतं, हे दोघांनाही न बोलता कळत होतं. ती बाहेर येऊन फेऱ्या मारायला लागली. पश्चिमेकडे आभाळ जुन्या मुक्या मारासारखं हिरवं पडलं होतं. बाहेरच्या मोकळ्या जागेत परराज्यातल्या छप्परवाल्यांचे सात ट्रक शिड्यांसकट येऊन थांबले होते. या मंडळींना गारांचा वास शंभर मैलांवरून येतो. छप्परं फुटायची वाट बघत ते वुथीचेच डोनट खात बसले होते.

नेल्डा त्या शिड्यांकडे बघत राहिली. मग तिची नजर शेजारच्या दुकानाकडे गेली. ते डेल्बर्टचं गाद्यांचं दुकान. गेली नऊ वर्षं त्यावर 'दुकान बंद होत आहे, त्वरा करा' अशी पाटी होती. नव्या इमारतीत तो आला तोही पाटीसकट.

तिनं आपल्याला काय हवं ते डेल्बर्टला सांगितलं, आणि न विचारता हेही सांगितलं, की गादी दुकानाच्या दाराबाहेर गेली की तिच्यावर विम्याचं पांघरूण राहत नाही, मग रडत माझ्याकडे यायचं नाही.

डेल्बर्टनं खांदे उडवले. "मी गाद्या विकतो, नेल्डा. माझ्यासारख्याला सकाळी उठायला काहीतरी कारण लागतं. माझं कारण तो तिकडे तळतो."

छप्परवाल्यांचा मुकादम आधी हसला. फुटायच्या आधीच छप्पर वाचवायचं, हे त्याच्या धंद्याच्या मुळावर येणारं होतं. मग त्यानं हातातल्या डोनटकडे बघितलं, उरलेला घास तोंडात टाकला आणि शिडी लावली. पुढच्या अर्ध्या तासात एक्केचाळीस गाद्या वर गेल्या. एकेरी, दुहेरी, आणि राजाराणीची म्हणून डेल्बर्ट जिला हातही लावू देत नसे तीही. दोरानं बांधून सगळे खाली उतरले न उतरले तोच पहिली गार पडली.

पहिली लिंबाएवढी होती, दुसरी संत्र्याएवढी, आणि तिसरीपासून फळंच संपली. गावभर असा आवाज उठला, की म्हणे मुके झालेले कुत्रे भुंकायला लागले. आणि वुथीच्या छपरावर? थप्प, थप्प, थप्प. गार पडायची, स्प्रिंगवर बसायची आणि उडायची. काही तर इतक्या उंच गेल्या, की ढगात शिरून, आणखी थोड्या मोठ्या होऊन पुन्हा खाली आल्या. आत वुथी, नेल्डा, डेल्बर्ट आणि पंधरा छप्परवाले वर बघत उभे. दर थप्पेला नेल्डाचा गुडघा त्याच तालात उडत होता. उडालेल्या गारा कुठे पडताहेत, हे कुणीतरी खिडकीतून पाहिलं आणि तिच्याकडे बघून तोंड फिरवलं. त्या सगळ्या नेल्डाच्या गाडीवर पडत होत्या.

पाचला सूर्य निघाला. साडेपाचला चौकट उठली. नेल्डा वुथीच्या गल्ल्यापाशी बसून फोनवर कागद भरायला लागली. नळाचा फोटो, इमारत, भट्टी. शेवटून दुसरा प्रश्न: छपरावर काही वेगळं आहे का?

रोवेनाचा फोन आला, की 'नाही' लिही आणि मोकळी हो. नेल्डा बाहेर येऊन ओरडली, गाद्या उतरवा. छप्परवाल्यांनी चाळीस उतरवल्या. एक राहिली, कारण तिच्यावर वुथी बसला होता. छप्पर त्यानं हातानं चाचपून बघितलं होतं. कुठेही ओरखडा नव्हता.

"बोंग, झालं पक्कं?"

"आधी उतर."

"झालं की उतरतो."

"तू गादीसकट उतरल्याशिवाय होत नाही. छपरावर काही नाही असं लिहायचंय मला."

वुथीनं पश्चिमेकडे बघितलं. आभाळ निवळलं होतं, पण पार खाली कडेला एक काळी रेघ उरली होती. मग त्यानं खाली तिच्याकडे बघितलं, बराच वेळ. नेल्डाच्या ओठांवर ते जुनं वाक्य आलं होतं. ते तिनं गिळलं. वुथी उठला, गादी त्यानंच ढकलली आणि शिडी उतरायला लागला. त्याचा पाय जमिनीला लागला तेव्हा नेल्डानं 'नाही' लिहिलं आणि बटण दाबलं. झोप वगैरे काही म्हणाली नाही. फोन त्याच्या पिठाच्या हातात दिला आणि त्यालाच वाचू दिलं.

त्यानं दोनदा वाचलं. मग आत जाऊन डोनटचा खोका आणला आणि तिच्या गाडीच्या काच नसलेल्या खिडकीतून आत ठेवला.

पुढच्या आठवड्यात डेल्बर्टनं 'गारांनी पारखलेल्या गाद्या' अशी दुसरी पाटी लावली आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस विकल्या. नेल्डाच्या गाडीचा दावा मात्र अडला. फोनवरचा माणूस विचारत होता, गारा कुठून आल्या, आणि ती खरं सांगत होती.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी ती पोचे पडलेल्या गाडीतून घरी निघाली, तर सकाळी जिथे मका होता तिथे नवा रस्ता सुरू झालेला. कडेला नळ, नळाला काळी पिशवी. पलीकडे एक बाई नव्या दुकानाची काच पुसत होती.

नेल्डाचा गुडघा हलायला लागला. तिनं गाडी बाजूला घेतली.