नव्वद हजार दोनदा

तुम्ही माणसाला आकडा दाखवता आणि कारण लपवता. हा आरोप मी तोंडावर करते आहे. पत्र तुमच्या कर कार्यालयाचं, शिक्का तुमचा, आणि आत एकच ओळ: चव्वेचाळीस हजार शंभर, तीस दिवसांत भरा. कशाचे, कसे, चकार शब्द नाही.

मी पुस्तकं बांधते. दिवसा बाइंडिंगच्या कारखान्यात पगारावर, आणि सकाळ-संध्याकाळ घरी माझी स्वतःची कामं: दोन वाचनालयांची फाटकी पुस्तकं, एका वकिलाच्या फायली, कधी कारखान्याचंच जादा काम. सहा वर्षं पोटाला चिमटा घेऊन सत्तर हजार साठवले होते. साठ हजारांना एक जुनं कटिंग मशीन ठरलं होतं, हातचाकाचं. ते घरी आलं की दारावर माझी पाटी लागणार होती. मशीनवाला महिनाअखेरपर्यंत थांबणार होता. तुमचं पत्र चार तारखेला आलं.

सासूबाई खिडकीशी फर्मे शिवत होत्या. फर्मा म्हणजे छापून घडी घातलेली सोळा पानं. असे फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. त्यांनी दोरा दातानं तोडला आणि विचारलं, "किती?"

"चव्वेचाळीस हजार."

"मग वर्षभर कापून घेत होते ती काय देणगी होती?"

मलाही तेच वाटत होतं. पगारातून कर कापला जातो. घरच्या कामाचे पैसे देणारेही, वाचनालयं असोत, वकील असो की कारखाना, शंभरातले दहा कापूनच देतात. एकदा कापलेल्या कागदाला पुन्हा कात्री लागत नाही, अशी माझी समजूत. ती चुकीची होती, हे मी कबूल करते. तुमच्यासारखी तोंड लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी दिवाणजींना गाठलं. कारखान्याचे हिशेब तेच बघतात. त्यांनी टेबलावर पुठ्ठ्याचे दोन गठ्ठे ओढले.

"हा तुझा पगार. याच्या तळाला कर नाही, मध्ये थोडा. आम्ही एवढ्यापुरताच कापला. हा दुसरा गठ्ठा घरच्या कामाचा. त्यावर वाचनालयांनी, वकिलानं, आम्हीही सरसकट दहा कापले. आम्हाला त्यांचा पत्ता नाही, त्यांना आमचा नाही. पण करवाले काय करतात?" त्यांनी दुसरा गठ्ठा उचलून पहिल्यावर ठेवला. "उंच गेला. त्या उंचीवर शंभराला वीस."

दोन मिनिटांत डोक्यात प्रकाश पडला. तुमच्या पत्रात एवढ्या दोन ओळी मावल्या नसत्या?

पण मी तिथंच बोटांवर हिशेब केला. घरचं काम दोन लाख चाळीस हजारांचं. त्यावर वीसनं अठ्ठेचाळीस हजार, त्यातले चोवीस आधीच कापलेले. उरले चोवीस.

"दिवाणजी, वरचे वीस हजार कुठून आले?"

"वेळेवर हप्ते भरले नाहीस, त्याचं व्याज असेल."

"चोवीसावर वीस व्याज? मग सावकार काय वाईट?"

दिवाणजी चहाला निघून गेले.

रविवारी मी वर्षभराचे सगळे कागद जमिनीवर मांडले. आकड्यांचं मला वावडं, पण कागद लावणं माझ्या हातात आहे. आमच्याकडे प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण असते, आधीच्या फर्म्यापेक्षा थोडी खाली. रचले की खुणांचा जिना दिसतो. पायरी तुटली तर फर्मा गळला. दोन खुणा एकाच उंचीवर आल्या तर तोच फर्मा दोनदा आला. मी तसंच केलं. एक काम, एक खूण. वाचनालय, वकील, कारखान्याचं जादा काम, पगार. जिना नीट उतरत होता. मग पगाराच्या दाखल्यावर खालच्या बाजूला बारीक अक्षरात एक ओळ दिसली: घरी केलेलं जादा काम, नव्वद हजार. त्या कामाची खूण मी आधीच केली होती, कारखान्याच्या दुसऱ्या कागदावर. तिथंही नव्वद हजार.

सासूबाई माझ्या खांद्यावरून वाकल्या. "दोन खुणा एकाच पायरीवर. फर्मा दोनदा शिवलाय."

नव्वद हजारांवर वीसनं अठरा हजार. आधीचे चोवीस मिळून बेचाळीस, त्यावर शंभराला पाचनं व्याज एकवीसशे. चव्वेचाळीस हजार शंभर, एक पै इकडची तिकडे नाही.

"आणि सरस, पुठ्ठा, कापड, दोरा?" सासूबाई म्हणाल्या. "हे काय आभाळातून पडलं?"

कराच्या फॉर्ममधला खर्चाचा रकाना मी कोरा सोडला होता. खर्चाचं रडगाणं कुणापुढं गायचं नाही, हा माझा ताठा. पावत्या मात्र डब्यात होत्या. ऐंशी हजारांच्या निघाल्या, म्हणजे तेवढ्यावर कर नाही.

"तुझा ताठा सोळा हजारांना पडला असता," सासूबाई म्हणाल्या. "एवढ्यात मी दहा वर्षं ताठ बसले असते."

सोमवारी दिवाणजींपुढं दोन्ही कागद ठेवले. त्यांनी बारीक अक्षरातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मशीनसाठी तू कर्ज काढणार होतीस ना गेल्या वर्षी? बँकेला पगार भरघोस दिसावा म्हणून मी तिथंही लिहिलं. तुझ्या भल्यासाठी, पोरी."

"तुमच्या भलेपणाची किंमत अठरा हजार आहे, दिवाणजी. आता तसं लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं.

मग मी तुमच्या खिडकीशी आले. आठवत असेल.

"बाई, हा आकडा संगणकानं काढलाय," तुमचे साहेब म्हणाले.

"संगणकानं बेरीज केली. बघायला तुम्ही आहात ना?"

मी कागद लावले. खुणा दाखवल्या. मागची रांग पुढं सरकून बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "बाई, माझंही बघता का जरा?" साहेबांनी चष्मा पुसला, दाखला वाचला, पावत्या मोजल्या, आणि आत गेले. पंधरा दिवसांनी नवा कागद आला: आठ हजार चारशे. आठ हजार कर, चारशे व्याज. तो आकडा माझाच होता, मी घरी आधीच काढलेला. उभ्या उभ्या भरला. जे माझं देणं, ते मी देते.

मशीन आलं. पात्याला धार लावून घेतली, तरी हजारभर उरले. पहिलं चाक सासूबाईंनी फिरवलं आणि म्हणाल्या, "आता पाटीवर माझंही नाव घाल. फर्मा कुणी ओळखला?" घातलं.

तुमचं पहिलं पत्र मी फाडलं नाही. कापडी पुठ्ठ्यात बांधून दुकानात ठेवलंय, येणारा-जाणारा वाचतो. आता माझा प्रश्न वाचा. दोन्ही कागद तुमच्याच टेबलावर होते. एकच कारखाना, एकच बाई, एकच नव्वद हजार. बेरजेला ते तुम्हाला दिसले, मग ताडून बघायला का दिसले नाहीत? आणि ज्यांच्या घरी फर्मे ओळखणारी सासू नाही, जे घाबरून भरून मोकळे झाले, त्यांचे पैसे कुठं आहेत? लेखी उत्तर द्या. आकड्याशेजारी कारण लिहून.