पडद्यामागचा आवाज

दुभाष्याच्या कामात एक नियम डोळे झाकून पाळायचा असतो. बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’ म्हणायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही. बावीस वर्षं मी हे इमानेइतबारे केलंय. मंत्र्यांच्या थापा ‘मी’ म्हणून मारल्यात, त्यांच्या वतीनं गहिवरलेही आहे.

त्या दिवशी परिषदेत मुलींच्या आरोग्यावर साक्षी होत्या. सभागृहात चाळीसेक देशांची माणसं आणि वर काचेच्या बूथमध्ये आम्ही दोघी दुभाषी. साक्ष द्यायला आलेली मुलगी एकोणीस वर्षांची. चौदाव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी तीन दिवस अडलेलं बाळंतपण, आणि तेव्हापासून लघवीवर ताबा नाही. घरी शिवणाच्या वर्गाला जाते असं सांगून आली होती. मागे एकदा ती न विचारता दवाखान्यात गेली, तर सासऱ्यानं तिला घराबाहेर काढलं आणि तान्ही पोर आठ दिवस ठेवून घेतली. पुन्हा असं काही केलंस तर पोरीला विसर, असं बजावलं. आता ती पोर तीन वर्षांची होती. सकाळी चहा पिताना तिनं मला एवढंच विचारलं, की मला कुणी ओळखणार तर नाही ना. मी छातीठोकपणे सांगितलं, अजिबात नाही. तू पडद्यामागे बसणार, आणि बाहेर फक्त माझा आवाज जाणार.

साक्ष सुरू झाली. ती थांबत थांबत बोलत होती, मी मागोमाग दुसऱ्या भाषेत सांगत होते. तेवढ्यात जोडीदारणीनं आमचा आवाज कसा पोचतोय हे बघायला थेट प्रक्षेपण फोनवर लावलं, आणि तिचा चेहरा उतरला. कागदावर लिहून तिनं तो माझ्यापुढे सरकवला. ‘तिचाच आवाज जातोय.’

पडदा किती जाड हवा यावर आयोजकांच्या दोन बैठका झाल्या होत्या. आवाजाचं बटण कुणीच तपासलं नव्हतं. वर हौसेनं प्रक्षेपणाची लिंक गावोगावच्या महिला मंडळांना पाठवली होती. अशा शहाण्यांपुढे हात टेकावेत.

ती आता सासऱ्यांचं सांगायला लागली होती. मी बोलायची थांबले. खालचे लोक कानावरचे हेडफोन चाचपायला लागले. मग मी माझ्या त्याच आवाजात, तिच्या वतीनं बोलले, “माझा आवाज बाहेर ऐकू जातोय. आधी तो बंद करा.”

ती असं काही म्हणालीच नव्हती. तंत्रज्ञ धावला, अध्यक्षबाईंनी कामकाज थांबवलं. तोवर सहा मिनिटं बाहेर गेली होती.

मी खाली जाऊन तिला सगळं सरळ सांगून टाकलं. ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, की सहा मिनिटांत मी काय काय बोलले. माझ्या तोंडून प्रत्येक वाक्य गेलं होतं, त्यामुळे मला पाठ होतं. लग्नाचं वय, बाळंतपण, आजार. सासऱ्यांचं जेमतेम एक वाक्य. सांगताना मला माझीच लाज वाटत होती.

तिचा फोन वाजला. सासूचा होता. तिनं तो स्पीकरवर टाकून खुर्चीवर ठेवला.

“शिवणाच्या वर्गात माईक लागतो होय गं?” सासूनं विचारलं.

मंडळात सगळ्यांनी ऐकलं, असं सासू म्हणाली. आवाज दुसऱ्या शब्दालाच ओळखला. हे अजून घरी आले नाहीत, पण त्यांच्या कानावर जायला कितीसा वेळ लागणार.

“पोरगी कुठाय?” तिनं कसंबसं विचारलं.

“माझ्या मांडीवर. गाडीत बसलोय आम्ही. तुझ्या आईकडे नेऊन सोडते हिला, तू परस्पर तिकडेच ये.” मग सासूनंच विचारलं, “चौदा म्हणालीस ना तू? माझं बारा होतं. बोलणारच असशील तर तेही सांग.”

तिनं फोन बंद केला, पाणी मागितलं, आणि पुन्हा पडद्यामागे जाऊन बसली. मी बूथमध्ये परतले. तिचं पहिलंच वाक्य सासूबद्दल होतं. ते सांगायला मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. शेवटी जोडीदारणीनं माईक स्वतःकडे ओढून घेतला.