भट्टीचं दार

प्रयोगशाळेत आलेलं नवं यंत्र फसलं, तर काकांना एक वर्ष मिळणार होतं, निवृत्तीनंतरची मुदतवाढ. फायदा काकूंचाही होता. "वर्षभर तरी दुपारी माझ्या डोक्यावर बसणार नाही तुम्ही," असं त्यांनी बोलूनही दाखवलं होतं.

प्रयोगशाळेत काकांचं काम एकच. काचेच्या पट्ट्या पांढुरक्या द्रावणात बुडवायच्या, सावकाश वर काढायच्या आणि भट्टीत भाजायच्या. काचेवर पातळ थर बसतो. ती पट्टी कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या निळ्या सांडपाण्यात सोडून वर दिवा लावला, की थर जागा होतो आणि पाण्यातला रंग खाऊन टाकतो. काकांची पट्टी चाळीस मिनिटांत पाणी नितळ करी. मग बुडवायचं यंत्र आलं, संशोधन करणारी मुलगी त्यावर बसली, आणि तिच्या पट्ट्यांचा थर तडकून पापुद्र्यांनी सुटू लागला.

"हाताचा गुण असतो एकेकाच्या," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी काकांच्या मुदतवाढीचा कागद तयार ठेवला.

गुण हाताचा नव्हता, हे काकांना ठाऊक होतं. पाचच्या ठोक्याला घर गाठायचं, म्हणून ते भट्टी बंद करून निघत आणि पट्ट्या सकाळी काढत. मुलगी घाईची. तापलेल्या भट्टीचं दार उघडून चिमट्यानं पट्ट्या बाहेर ओढी आणि दोष यंत्राला देई. काका बघत. गप्प बसायला कष्ट पडत नाहीत.

एकदा ते निघायच्या बेतात होते, तर मुलगी स्वतःचं कपाट रिकामं करत होती.

"रजेवर का गं?"

"कायमचीच. महिनाअखेर मुदत संपते माझी. चार वर्षं गेली, काका. घरी काय सांगू, काच तडकली म्हणून?"

असं म्हणत ती चिमटा घेऊन भट्टीकडे वळली. काका दारापर्यंत गेले, परत आले आणि त्यांनी तिच्या हातातला चिमटा काढून घेतला.

"आज उघडू नकोस. सकाळी उघड. आपापल्या निवू देत."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही." मग चिमटा जागेवर ठेवत, "आणि माझी सोय होती."

सकाळी थर अखंड निघाला. पाणी अडतीस मिनिटांत नितळ. मुलीला पदवी मिळाली, मॅडमना अनुदान, यंत्राला शाबासकी. प्रबंधात एक ओळ आली: 'पट्ट्या बंद भट्टीतच थंड होऊ दिल्या.' मुदतवाढीचा कागद पुन्हा कुणी काढला नाही.

आता काकू गरम काचेचा ग्लास नळाखाली धरायला गेल्या, की मागून आवाज येतो, "थांब, निवू दे आधी." त्या थांबतात. काकांचं वर्ष गेलं ते एकच. काकूंच्या सगळ्या दुपारी गेल्या.