काटा अकरावर

मटणाची ती बरणी मी चार महिने तांदळाच्या डब्यामागे जपली. अर्ध्या लिटरची, झाकणावर यांच्या वाकड्या अक्षरात तारीख. हे म्हणजे माझे मालक, किसन. अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस. तारखेनंतर नवव्या दिवशी झोपेतच गेले, हृदय बंद पडलं. त्यांच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं, आणि तेही मी लपवलं म्हणून.

कॅनर आमच्या लेकीने, मैत्रेयीने, कॅनडाहून आणलेला. दिसायला थोरला कुकर, पण वर काटा, आणि शिट्ट्या मारत नाही. शिट्टीच नाही तर शिजलं कसं कळायचं, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"अगं वेणू, हा शिजवायला नाही, टिकवायला आहे," हे म्हणाले.

बुवापाड्यात लाईट गेली की फ्रीजचं नुसतं कपाट होतं, त्यामुळे यांना ते यंत्र भलतंच आवडलं. बरण्या आत ठेवून दहा मिनिटं वाफ सोडायची, मग वाफेच्या तोंडावर वजन ठेवायचं. काटा अकरावर आला की घड्याळ लावायचं, मटणाला पंच्याहत्तर मिनिटं. मध्येच काटा अकराच्या खाली उतरला तर सगळं पहिल्यापासून मोजायचं. शेवटी गॅस बंद करून तो आपोआप निवेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. मी एकदा सवयीने नळाखाली धरायला निघाले, तर केवढे ओरडले! एरवी आवाज न चढवणारा माणूस.

त्या दिवशी पंचावन्न मिनिटं झाली आणि सिलेंडर संपला. दुसरा लावेपर्यंत काटा पार खाली. पुन्हा अकरावर आल्यावर यांनी परत पंच्याहत्तर लावली. बदलापूरला भाचीचा साखरपुडा, मी साडी नेसून तयार. माझं डोकंच फिरलं.

"पंचावन्न झालीत ना? उरलेली वीस मोजा! हा काय तुमचा बॉयलर आहे?"

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वीस लावली. भांडण नको म्हणून, दुसरं काय. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पाचही बरण्या टाकून द्यायला, न उघडता पिशव्यांत गुंडाळायला बसले. म्हणाले, यातलं विष दिसत नाही, त्याला वासही येत नाही. मला ते निव्वळ नाटक वाटलं. एवढं महागाचं मटण! हे दोरी आणायला उठले तशी मी एक बरणी काढून लपवली. दोरी घेऊन आल्यावर यांनी मोजल्या असतील का, कोण जाणे. बांधून कचऱ्याच्या गाडीत टाकून आले.

परवाच्या रविवारी मी भात लावला, कांदा चिरला आणि बरणी ओट्यावर घेतली. झाकण घट्ट, रस्सा स्वच्छ. म्हटलं, झालं काही तर झालं. मागे रडायला तरी कोण आहे? लेक कॅनडाहून येईपर्यंत तेरावाही उरकेल, असं मनात आलं आणि आमच्यात तेरावा करत नाहीत हेही आठवलं. तेवढ्यात शेजारची शलाका वाटी घेऊन साखर मागायला आली.

"काकू, काकांच्या हातचं? मला पण ठेवा ना थोडं. आमच्याकडे आज नुसती डाळ आहे."

"नको," मी एकदम म्हणाले. "ते नीट झालेलं नाही."

"मग तुम्ही का खाताय?"

मी साखर दिली.

ती गेल्यावर बरणी तशीच, न उघडता, दोन पिशव्यांत गुंडाळली आणि दोरीने बांधली. कचऱ्याच्या गाडीत टाकून आले आणि जिन्यातच बसून रडले. लाज वाटली नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर रडले.

मग मटण आणून मी कॅनर काढला. वाफ सोडली, वजन ठेवलं, काटा अकरावर आला, घड्याळ लावलं. स्टूल घेऊन समोर बसले. हे बसायचे तसंच. काटा तेरापर्यंत चढला म्हणून गॅस जरा बारीक केला. सत्तर मिनिटं झाली असतील, तेव्हा दार वाजलं.

"अहो, काट्याकडे बघा जरा!" असं ओरडून मी दार उघडायला गेले.

शलाका वाटी परत द्यायला आली होती. दोन शब्द बोलून आत आले. स्टूल रिकामं होतं आणि काटा नऊवर उतरला होता.

पाचच मिनिटं उरली होती. मी गॅस वाढवला, काटा अकरावर येऊ दिला आणि पहिल्यापासून पंच्याहत्तर लावली. उरलेली पाचच मोजा म्हणणारं घरात आता कोणी नव्हतं.