सत्ती-दुर्री

नाणं उडवू या, असं धाकटा म्हणाला होता. मीच नको म्हटलं. नाणं उडवायला काय अक्कल लागते? पोकर खेळू, म्हणजे जो काही निकाल लागेल तो निदान डोकं वापरून लागेल. हे बोलताना माझा चेहरा अगदी न्यायाधीशाचा होता. मनात मात्र पक्कं ठाऊक होतं की धाकट्याला पोकर जमत नाही. पत्ते त्याला कळतात, थांबणं कळत नाही.

प्रश्न बाबांचा होता. मागच्या खोलीत ते कित्येक वर्षं पडून आहेत, कमरेखाली काही हलत नाही. त्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, चादर बदलायची, की पुन्हा वळवायचं. मी शिंपी. दिवसभर मशीनवर वाकायचं आणि मधल्या वेळात बाबांवर वाकायचं. कंबर धरल्यापासून बायकोला डॉक्टरांनी काही उचलायची बंदी केलीय. मी थकलो होतो. याहून शोभिवंत शब्द मला सापडत नाही. धाकटा दुसऱ्या गावात नोकरीला. तोही काही मजेत नव्हता, पण एक वर्ष तरी त्याने बाबांना न्यावं, एवढंच मला हवं होतं. जो हरेल त्याच्याकडे वर्षभर बाबा, असं ठरलं. पत्ते म्हणतील ते, नंतर रडारड नाही. ही अटही माझीच.

कापायच्या टेबलावरचं कापड गुंडाळलं, बटणांचा डबा उपडा केला आणि बटणं सारखी वाटून घेतली. दोन पानं ज्याची त्याच्या हातात, पाच पानं मध्ये, दोघांची मिळून. त्यातून ज्याची पाच पानं भारी, त्याची डावावर लावलेली सगळी बटणं. बटणं संपली की माणूस हरला.

मी छान खेळलो. हे मी सांगणारच, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. वाईट पानं आली की निमूट टाकली, चांगली आली की त्याला हळूहळू आत ओढला. धाकटा प्रत्येक डावात नाक खुपसायचा आणि कापून घ्यायचा. उन्हं कलली तेव्हा त्याच्यापुढे जेमतेम मूठभर बटणं उरली होती.

मग त्याचं नशीब जागं झालं. माझ्याकडे तीन राजे, त्याच्याकडे शून्य, आणि शेवटचं पान असं आलं की त्याची पाच पानं ओळीने लागली आणि डाव त्याला गेला. एकदा झालं, म्हटलं ठीक आहे. पुन्हा झालं.

"सॉरी हं दादा."

"सॉरी काय? वाट पत्ते."

बघता बघता बटणं पुन्हा बरोबरीत आली. एवढा वेळ जे शिस्तीत मिळवलं होतं ते त्याने जांभया देत परत नेलं. मला इतका वैताग आला की पत्ते भिंतीवर फेकावेसे वाटले.

त्याने घड्याळाकडे बघितलं. "दादा, बस चुकेल माझी."

"चुकू दे." मी पत्ते वाटले आणि माझी दोन पानं उचलली. दोन्ही एक्के. याहून भारी सुरुवात या खेळात नसते. मी चेहरा पडल्यासारखा करून थोडी बटणं सरकवली. त्याने आपल्या पानांकडे धड पाहिलंही नाही आणि दोन्ही हातांनी सगळा ढीग मध्ये ढकलला.

"सगळी?"

"सगळी."

मीही माझी ढकलली. त्याने पानं उघडली. सत्ती आणि दुर्री, तीही वेगवेगळ्या रंगांची. अख्ख्या कॅटमध्ये याहून रद्दी हात शोधून सापडणार नाही. मी मध्ये तीन पानं उघडली: एक्का, सत्ती, चौकी. माझे तीन एक्के झाले. मी मनातल्या मनात बाबांची बॅग भरायला घेतली, औषधं वरच्या कप्प्यात, चादरी खाली. चौथं पान सत्ती. त्याच्या तीन सत्त्या झाल्या, पण माझं तर फुल हाउस झालं होतं, तीन एक्के आणि मधल्या दोन सत्त्या. आता चौथी सत्ती सोडली तर उरलेल्या पत्त्यांत मला हरवणारं एकही पान नव्हतं.

नेमकं तेच पान मी उघडलं, माझ्याच हाताने.

"चार सत्त्या!" धाकटा ओरडला. दोघंही त्या पानाकडे बघत बसलो.

"दादा," तो हळूच म्हणाला, "मी हरायलाच ढकलली होती रे. तू किती दमलायस ते मला दिसतं. म्हटलं संपवू एकदाचं आणि नेऊ बाबांना."

"मग ने की."

तो बटणांकडे बघत राहिला. "पत्ते म्हणतील ते. तूच म्हणालास ना?"

त्याच्या आवाजात सुटका होती आणि तिची लाजही होती. त्याच्या जागी मी असतो तर मीही जिंकलेलं परत दिलं नसतं. त्याने पिशवी उचलली. बाबांच्या खोलीत डोकावायला तो थांबला नाही.

मी बटणं डब्यात भरली आणि आत गेलो.

"गेला का?" बाबांनी विचारलं.

"गेला. बस होती."

"माझ्यावरून खेळत होतात ना? फळीची तर भिंत आहे, अर्धंमुर्धं का होईना, ऐकू येतं मला." ते माझ्याकडे टक लावून बघत होते. "जो जिंकेल त्याच्याकडे मी, असंच ना?"

त्यांनी उलटं ऐकलं होतं.

"हो बाबा. असंच."

"मग? कोण जिंकलं?"

"मी."

त्यांचा चेहरा सैल पडला. मग त्यांच्यातला जुना पत्तेबाज जागा झाला. "म्हणजे त्या चार सत्त्या तुझ्या? हातात काय होतं?"

आता माघार नव्हती. "सत्ती-दुर्री."

"आणि त्याच्याकडे?"

"दोन एक्के."

"गाढवा!" ते उशीवरून उठायलाच निघाले. "सत्ती-दुर्रीवर सगळी लावलीस? ती हातात धरायची पानं आहेत का? ते पोर बिचारं एक्के घेऊन नीट खेळलं!"

"नीट खेळला," मी म्हणालो. "खूप छान खेळला, बाबा. त्याचं कुठेच काही चुकलं नाही."

"आणि तरी हरला." त्यांना धाकट्याची फार दया आली. मी त्यांच्या पाठीखाली हात घातला आणि त्यांना कुशीवर वळवलं. तोंड भिंतीकडे असतानाच ते म्हणाले, "तू मात्र नशीब काढलंस."

"हो," मी म्हणालो, आणि चादर बदलायला घेतली.